उल्त्सन: जिथे लोक फक्त गाडी बदलायचे, त्या स्टेशनचं काय झालं

आधी नावाचं बघू. Ü सारखा उच्चार असलेलं हे गाव आहे उल्त्सन, पण जर्मनीत नवीन आलेला आपल्याकडचा माणूस बोर्ड वाचतो आणि त्याच्या तोंडून हमखास "उलझन" निघतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी हॅम्बुर्गला मास्टर्स करते, तिने पहिल्यांदा फोनवर सांगितलं की मी उलझनमध्ये आहे तेव्हा घरचे घाबरले होते, तिला म्हणायचं होतं की माझी पुढची गाडी पंचवीस मिनिटांनी आहे.

तिच्यामुळेच मी या स्टेशनच्या मागे लागलो. ही केस म्हणून लिहितोय कारण यात निर्णय कसे झाले ते बघण्यासारखं आहे. स्थानिक लोकांची, अधिकाऱ्यांची नावं मुद्दाम घेत नाही, गाव आणि कलाकार लपवण्यात अर्थ नाही कारण असं स्टेशन दुसरं नाहीच.

पार्श्वभूमी

उल्त्सन लोअर सॅक्सनी राज्यात आहे, लोकवस्ती तीस-पस्तीस हजार. हॅम्बुर्ग आणि हानोफर यांच्या साधारण मधोमध. आजूबाजूला बटाटा आणि बीटची शेती, साखरेचा मोठा कारखाना, बाजूने एल्ब साइड कॅनॉल जातो. टुरिस्ट म्हणून मुद्दाम जावं असं फार काही नाही, चर्चमध्ये एक जुनं सोन्याचं छोटं जहाज आहे ते गावाचं चिन्ह, बस.

पण रेल्वेच्या नकाशावर हे गाव फार आधीपासून आहे. १८४७ मध्ये हानोफरच्या राज्याच्या सरकारी रेल्वेने त्सेले ते हारबुर्ग लाईन सुरू केली आणि त्यात उल्त्सनला स्टेशन मिळालं. त्या वेळी गाडी एल्बे नदीच्या अलीकडेच थांबायची बरं का, हारबुर्गहून हॅम्बुर्गला जायला रेल्वेचा पूल १८७२ मध्ये झाला. लगेच पुढच्या वर्षी, १८७३ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीची लाईन आडवी आली: श्टेंडालकडून झाल्त्सवेडेल, उल्त्सन, झोल्टाऊ करत लांगवेडेलला आणि तिथून ब्रेमेनला. बर्लिनहून ब्रेमेन आणि पुढे ब्रेमरहाफेनचं बंदर, म्हणजे अमेरिकेला निघालेल्या लोकांची वाट. म्हणून या लाईनला अजूनही अमेरिका लाईन म्हणतात. मला हे नाव फार आवडतं, मधलं सगळं माळरान आणि छोटी छोटी गावं, आणि नाव थेट अमेरिका.

तर उत्तर-दक्षिण एक लाईन, पूर्व-पश्चिम एक लाईन, आणि दोन्ही एकमेकींना भेटतात ते हे गाव. जंक्शन झालं. पुढे ब्राउनश्वाइगकडे जाणारी लाईनही जोडली गेली. १८८७ मध्ये नवीन विटांची इमारत आली, ती हुबर्ट श्टीअरची, ज्याने हानोफरचं मुख्य स्टेशन केलं तोच आर्किटेक्ट. एवढ्याशा गावाला एवढ्या मोठ्या माणसाची इमारत मिळाली म्हणजे त्या काळात या जागेचा भाव काय असेल बघा.

मग युद्ध. शेवटच्या महिन्यांत जंक्शनं हीच बॉम्बचं टार्गेट होती, हेही त्यातून सुटलं नाही. आणि त्याहून मोठा घाव नंतरचा: देशाची फाळणी. झाल्त्सवेडेल पूर्व जर्मनीत गेलं, सीमा गावापासून तीसेक किलोमीटरवर आली आणि अमेरिका लाईनचा पूर्वेचा हात तुटला. रूळ पुढे कुठे जातच नाहीत. चार दिशांचं जंक्शन होतं, आता तीन दिशांचं राहिलं, आणि सगळा भागच सीमेलगतचा मागास भाग म्हणून मोजला जायला लागला.

उत्तर-दक्षिण लाईन मात्र जोरात चालली. १९६५ मध्ये तिच्यावर वीज आली. १९९१ मध्ये आयसीई ही हायस्पीड गाडी सुरू झाली, आणि तिच्या बहुतेक गाड्या उल्त्सनला न थांबता सुसाट जायला लागल्या.

अडचण काय होती

नव्वदच्या दशकात चित्र असं की, लाईन देशातल्या सगळ्यात बिझी लाईन्सपैकी एक, हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्या कंटेनरच्या मालगाड्या रात्रंदिवस धडधडत जातात, पण स्टेशनची इमारत थकलेली. माणसं इथे येतात ती दुसरी गाडी पकडायला, गावात कोणी जात नाही. गावकऱ्यांच्या दृष्टीने स्टेशन म्हणजे गावाच्या कडेला असलेली एक जुनी जागा, जिथे परगावचे लोक थंडीत उभे असतात.

त्यात १९९४ मध्ये रेल्वेची पुनर्रचना झाली. सरकारी खात्याची कंपनी झाली आणि कंपनी म्हटलं की पहिला प्रश्न, ही इमारत मला काय कमावून देते. देशभर छोट्या गावांतल्या स्टेशनच्या इमारती रिकाम्या पडायला लागल्या, विकायला निघाल्या, तिकिटाची खिडकी बंद होऊन मशीन आलं. दोन वर्षांनी, १९९६ पासून, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे आली. म्हणजे आता तीन वेगळे मालक झाले: रूळ आणि इमारत रेल्वे कंपनीची, गाड्यांची ऑर्डर राज्याची, आणि बदनामी गावाची. ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवा, कारण गाव जे काही करू शकत होतं ते फक्त इमारतीबद्दल. टाइमटेबल गावाच्या हातात कधीच नव्हतं.

समोर कोणते रस्ते होते

अशा स्टेशनसमोर तेव्हा जे रस्ते असायचे ते मी माझ्या भाषेत मांडतो, मीटिंगचे मिनिट्स म्हणून वाचू नका.

पहिला, काहीच न करणं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. इमारत दहा-पंधरा वर्षांत आपोआप प्रश्न सोडवते, म्हणजे पडायला येते.

दुसरा, साधी डागडुजी. छत, रंग, लाईट, स्वच्छ टॉयलेट, बसायला गरम जागा. प्रवाशाला खरं तर एवढंच हवं असतं आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, मला विचारलं असतं तर मी हाच पर्याय निवडला असता आणि चुकलो असतो. कारण साध्या डागडुजीला पैसे कोण देणार? रेल्वे कंपनी म्हणणार कमाई दाखवा, राज्य म्हणणार अशी शंभर स्टेशनं आहेत, तुमचंच का? मोठ्या कामाला निधी मिळतो आणि छोट्या कामाला मिळत नाही, हे जगात सगळीकडे सारखंच.

तिसरा, इमारत पाडून काचेचा एक डबा उभा करणं. पण ही श्टीअरची वारसा इमारत, ती पाडायची म्हणजे वेगळीच भानगड.

चौथा जो पुढे आला तो असा की स्टेशनला पर्यावरण आणि संस्कृतीचं स्टेशन करायचं, म्हणजे सोलर पॅनेल, छतावर हिरवळ, कार्यक्रम, दुकानं. आणि त्याला जोडून धाडसाची उडी: हे सगळं फ्रीडन्सराइख हुंडर्टवासरकडून करून घ्यायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा व्हिएन्नाचा चित्रकार, १९२८ चा जन्म, मूळ आडनाव श्टोवासर. स्लाव भाषांमध्ये "स्तो" म्हणजे शंभर, म्हणून त्याने आडनावाचं जर्मन करून हुंडर्टवासर केलं, शंभर-पाणी. सरळ रेषेशी याचं वैर. खिडक्या एकसारख्या नकोत, जमीन सपाट नको, छतावर झाडं हवीत, घरात झाडांना भाडेकरूसारखी जागा द्यावी असं तो मनापासून मानायचा. लोक दोन गटांत: एक म्हणणार जादूगार, दुसरा म्हणणार केकवरचं आयसिंग. आता विचार करा, सरळ रेषेचा शत्रू आणि त्याला द्यायचं काम कुठलं, तर रेल्वे स्टेशनचं.

निर्णय आणि काम

पहिला खरा निर्णयाचा क्षण इथे आहे. उल्त्सनमधल्या काही उत्साही लोकांनी स्टेशनसाठी संघटना काढली, नाव दिलं "बानहोफ २००० उल्त्सन" (बानहोफ म्हणजे स्टेशन), आणि हुंडर्टवासरला विचारलं. तो हो म्हणाला. जगप्रसिद्ध माणूस बटाट्याच्या गावातलं स्टेशन करायला हो कसा म्हणतो? माझा अंदाज असा की त्याला अशीच कामं आवडायची. त्याच सुमारास न्यूझीलंडमधल्या कावाकावा नावाच्या छोट्या गावात त्याने सार्वजनिक टॉयलेट बांधलं, आणि त्या गावाच्या मेन रोडच्या मधोमध रेल्वे लाईन आहे. म्हणजे रूळ आणि टॉयलेट दोन्हीचा त्याला काही परका विषय नव्हता.

दुसरा निर्णय: एक्स्पो. २००० साली हानोफरला जागतिक प्रदर्शन भरणार होतं, १ जून ते ३१ ऑक्टोबर, आणि मुख्य मैदानाबाहेरच्या प्रोजेक्ट्सनाही त्यात नोंदवता येत होतं. उल्त्सनचं स्टेशन त्यात गेलं. माझ्या मते हीच सगळ्यात हुशार चाल, कलाकाराच्या निवडीपेक्षाही. एकदा एक्स्पोचा शिक्का बसला की "तुमचंच का" या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि तारीख ठरली. तारीख नसलेलं सरकारी काम आणि तारीख असलेलं काम यात काय फरक असतो ते वेगळं सांगायला नको.

तिसरा निर्णय मला सगळ्यात समंजस वाटतो. जुनी इमारत लपवली नाही. श्टीअरच्या विटा तशाच दिसतात, त्यावर हुंडर्टवासर चढवलाय: वर मनोऱ्यांवर सोनेरी गोळे, पुढे जाड-बारीक रंगीत सिरॅमिकचे खांब, एकही खांब दुसऱ्यासारखा नाही, भिंतीवर वळणदार मोझॅक, छतावर हिरवळ. खांब हे त्याचं खास काम. एखादा रांजणासारखा फुगलेला, एखादा मण्यांची माळ उभी केल्यासारखा. आणि टॉयलेट, हो, इथेही टॉयलेट प्रसिद्ध आहे, लोक गाडी नसताना ते बघायला येतात.

मग अपघात म्हणावा असं झालं. काम चालू असताना १९ फेब्रुवारी २००० ला हुंडर्टवासर वारला, पॅसिफिक महासागरात, क्वीन एलिझाबेथ टू जहाजावर. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या आर्किटेक्ट्सनी ते पूर्ण केलं. असा कलाकार जो मापात बांधून ठेवत नाही, ज्याचं काम त्याच्या हातात आणि डोळ्यात असतं, तो मधेच गेला तर काय करायचं? इथे त्याचे जुने सहकारी होते म्हणून निभावलं.

आणि तारीख? एक्स्पो ३१ ऑक्टोबरला संपलं. स्टेशनचं उद्घाटन झालं २५ नोव्हेंबर २००० ला. ज्या पाहुण्यांसाठी सजवलं ते पाहुणे घरी गेल्यावर पंचवीस दिवसांनी मांडव तयार झाला. मला हे वाचून आधी हसू आलं, नंतर वाटलं की यात फार काही बिघडलं नाही, कारण निधी आला होता, काम झालं होतं, आणि एक्स्पोसाठी हानोफरला बांधलेल्या कितीतरी गोष्टी नंतर ओस पडल्या, हे स्टेशन मात्र रोज वापरात आहे.

याच काळात रुळावर काय झालं, जे कोणी सांगत नाही

उल्त्सन म्हटलं की सगळे सोनेरी गोळ्यांचे फोटो टाकतात. पण उद्घाटनाच्या अकरा महिने आधी, डिसेंबर १९९९ मध्ये, याहून मोठी गोष्ट झाली होती. झाल्त्सवेडेलकडची तुटलेली लाईन पुन्हा सुरू झाली. देश एक झाल्यावर सरकारने पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या मोठ्या कामांची यादी केली होती, त्यात श्टेंडाल-उल्त्सन होतं. विजेची लाईन, मधला बराच भाग एकेरी, पण लाईन. पन्नासहून जास्त वर्षांनी जंक्शनला चौथा हात परत मिळाला, आता तिथून माग्देबुर्गकडे गाडी जाते.

आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये तिसरी गोष्ट: हॅम्बुर्ग-उल्त्सन मार्गावर मेट्रोनोम कंपनीच्या पिवळ्या-निळ्या डबल डेकर गाड्या, राज्याच्या वाहतूक संस्थेने विकत घेऊन चालवायला दिलेल्या. २००५ मध्ये उल्त्सन-हानोफर-ग्यॉटिंगनही त्यांच्याकडे आलं. तासातासाला गाडी. दोन वेगळे टप्पे असल्यामुळे हॅम्बुर्गहून हानोफरला प्रादेशिक गाडीने जायचं तर बहुतेक वेळा इथे उतरून समोरची दुसरी गाडी पकडायची, ही रीतच पडून गेली. २०२३ मध्ये महिन्याला एकोणपन्नास युरोचं जर्मनी तिकीट आलं, आता ते महाग झालंय पण ज्याच्याकडे ते आहे त्याला आयसीईत बसता येत नाही, प्रादेशिक गाड्या फुकटात. मग काय, आपले सगळे विद्यार्थी, नवीन नोकरीवाले, सगळे उल्त्सनमार्गे. या तिकिटाने जितकी मराठी माणसं उल्त्सनला आणली तितकी हुंडर्टवासरनेही आणली नसतील.

नवख्याला एक टीप, फलाटांचे नंबर १०१, १०२ आणि मग एकदम ३०१, ३०२ असे आहेत. तीनशे फलाट शोधत फिरू नका.

निकाल

२००९ मध्ये जर्मनीच्या एका रेल्वेसमर्थक संघटनेने, अलायन्स प्रो शीनने, उल्त्सनला छोट्या शहरांतलं वर्षाचं सर्वोत्तम स्टेशन ठरवलं. मोठ्या शहरांत त्या वर्षी एरफुर्ट होतं. हा पुरस्कार प्रवाशाच्या नजरेने दिला जातो, म्हणजे नुसते खांब बघून नाही. गावातली ती बानहोफ २००० संघटना अजून गाइडेड टूर घेते. बसभरून लोक स्टेशन बघायला येतात, ज्यांना गाडीत बसायचंच नसतं.

मी यातून काय काढतो? दोन वेगळे प्रश्न होते आणि लोक त्यांना एक समजतात. एक, इथे येणाऱ्या गाड्या. दुसरा, गाडीतून उतरलेला माणूस इथे थांबावा का. पहिला प्रश्न सुटला तो रुळांनी, राज्याच्या टाइमटेबलने, देशाच्या एकत्र येण्याने, त्यात गावाचा हात जवळजवळ शून्य. दुसरा गावाने स्वतः सोडवला. श्रेय मात्र सगळं इमारतीला मिळालं कारण तिचा फोटो निघतो, सिग्नल केबिनचा निघत नाही. पण हेही खरं की फोटो निघणाऱ्या स्टेशनची खिडकी बंद करणं कुठल्याही साहेबाला अवघड जातं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात पहिलं, तारीख. एक्स्पोच्या दाराशी बांधलेलं काम आणि हाताने मोझॅक लावणारी टीम, हे जमणारच नव्हतं. कामाचे दोन भाग पाडले असते, हॉल आणि फलाट आधी, बाकीचं नंतर, तर एक्स्पोचे पाहुणे निदान अर्धं तरी बघून गेले असते. पण मग "अर्धवट" अशी बोंब झाली असती, हेही आहे.

दुसरं, देखभाल. साध्या इमारतीची टाइल फुटली तर दुकानातून तीच टाइल आणता येते. इथे प्रत्येक तुकडा वेगळा, आणि बनवणारा न्यूझीलंडमध्ये एका झाडाखाली पुरलेला. छतावरची हिरवळ म्हणजे पाणी, मुळं, गळती यांची कायमची काळजी. असं काही करायचं तर बांधकामाच्या पैशांबरोबर पुढच्या तीस वर्षांच्या डागडुजीचा पैसा पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवायला हवा. हा मुद्दा उद्घाटनाच्या भाषणात कधीच नसतो.

तिसरं, गाव. स्टेशन बघून माणूस परत गाडीत बसतो. स्टेशनपासून गावाच्या मधोमध जाईपर्यंत त्याला ओढून नेईल असं काहीतरी लागतं. इथल्या लोकांना "उलनक्यॉपर" म्हणतात, घुबडं विकत घेणारा, कारण जुन्या गोष्टीत एका बेरकी शेतकऱ्याने गावातल्या व्यापाऱ्याला पोतं न उघडता पक्षी विकले आणि घरी जाऊन बघतो तर आत घुबडं. आता ही गोष्ट ज्या गावाकडे आहे त्याने स्टेशनपासून बाजारापर्यंत तिची वाट करायला हवी. माझं मत, फार मनावर घेऊ नका.

आणि चौथा मुद्दा गावाच्या हाताबाहेरचा. हॅम्बुर्ग-हानोफर लाईन कधीची भरून वाहतेय. २०१५ मध्ये बऱ्याच चर्चेनंतर ठरलं होतं की आहेत त्याच लाईन वाढवायच्या, जुनी हायस्पीडची योजना सोडायची. पुढे रेल्वे कंपनीचा कल मात्र पूर्ण नव्या लाईनकडे झुकला, पश्चिमेला झोल्टाऊच्या बाजूने. राज्य सरकारचा कल जुनी लाईन वाढवण्याकडे. नवी लाईन झाली तर लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडून जातील. उल्त्सनकडे प्रादेशिक गाड्या आणि मालगाड्या राहतील, आणि इंटरसिटी थांबेल का याचं उत्तर पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी ऑफिसात लिहिलं जाईल. १८७३ ला दोन लाईनींनी नकाशावर फुली मारली तेव्हाही गावाला कोणी फार विचारलं नसेल.

ती हॅम्बुर्गची मुलगी आता साताऱ्याहून कोणी आलं की हानोफरला जाताना मुद्दाम एक गाडी सोडते. एक तास मिळतो. आजी खांबांजवळ उभी राहून फोटो काढून घेते, आजोबा सोनेरी गोळे किती ते मोजतात, आणि तोपर्यंत पुढची गाडी लागते.